मनाई असेल तर कारण विचारा, मुदतही विचारा

मागच्या अंकात मी गरोदरपणातल्या रक्तदाबावर लिहिलं होतं. पत्रं मात्र आली ती वेगळ्याच विषयावर, आणि बहुतेकांनी पाकिटावर नाव घातलेलं नव्हतं. सातवा महिना उलटल्यावर नवरा-बायकोनं जवळ यावं की नाही, एवढंच यातल्या बहुतेकांना विचारायचं आहे. हे विचारायला दवाखान्यात जागा मिळत नाही आणि घरात कुणाशी बोलता येत नाही, म्हणून हा पूर्ण अंक याच पत्रांना देते आहे. पत्रं थोडी कापली आहेत, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

प्रश्न : मी ३१ वर्षांचा, पत्नी २६. लालबागला चाळीत आमची १० बाय १२ ची खोली आहे. घरात आई, धाकटा भाऊ आणि आम्ही दोघं. लग्न झाल्यापासून आम्ही पोटमाळ्यावर झोपतो. पत्नीला आठवा महिना आहे. पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत 'वार खाली आहे' असं निघालं आणि संबंध टाळा म्हणून सांगितलं. त्या दिवसापासून मी तिच्या अंगाला हात लावलेला नाही. ती माळ्यावर झोपते, मी गॅलरीत. परवा ती रडत म्हणाली, "मी अशी दिसायला लागले म्हणून तुम्हाला नकोशी झाले ना?" मला उत्तर देता येईना. गेल्या आठवड्यात परत सोनोग्राफी झाली. रिपोर्टमध्ये 'प्लासेंटा अँटेरियर, अप्पर सेगमेंट' असं लिहिलंय. अर्थ विचारणार होतो, पण मागे रांग होती, सिस्टर उभ्या होत्या, लाज वाटली. आठव्यात पाठवत नाहीत, म्हणून नववा लागला की ती चिपळूणला माहेरी जाईल. तोवर आम्ही जवळ आलो तर चालेल का?
— एक वाचक, लालबाग

उत्तर : मी तुमच्या पत्नीची फाईल पाहिलेली नाही, त्यामुळे शेवटचा होकार तिला तपासणाऱ्या डॉक्टरांकडूनच घ्या. पण तुम्ही उतरवून पाठवलेली ओळ चांगली आहे. वार, म्हणजेच प्लासेंटा, आता गर्भाशयाच्या वरच्या भागात, पुढच्या भिंतीला आहे. पाचव्या महिन्यात ज्या कारणानं मनाई झाली होती, ते कारण आता उरलेलं दिसत नाही.

हे कसं झालं, ते समजून घ्या. १८ ते २० आठवड्यांच्या सोनोग्राफीत बऱ्याच जणींची वार खाली, पिशवीच्या म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाजवळ दिसते. नंतर पोट वाढतं तसा गर्भाशयाचा खालचा भाग ताणला जातो, लांबतो, आणि वार तोंडापासून दूर जाते. दहांपैकी नऊ जणींच्या बाबतीत असंच होतं. म्हणून तर ३२ आठवड्यांच्या आसपास परत पाहतात. उरलेल्या एकीची वार तोंडावरच राहते. तिच्यासाठी मनाई पक्की असते आणि ती बाळंत होईपर्यंत पाळावीच लागते, कारण त्या जागी धक्का लागला तर जो रक्तस्राव होतो तो आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेतू शकतो. अशा बाईची आम्ही बोट घालून आतून तपासणीही करत नाही.

तेव्हा पाचव्या महिन्यात तुम्हाला जे सांगितलं ते योग्यच होतं. राहून गेलं ते एवढंच, की कशासाठी आणि कधीपर्यंत. त्यामुळे तीन महिने तुम्ही गॅलरीत आणि ती माळ्यावर, आणि दोघांच्या मनात भलभलते विचार. हे मी फार घरांत पाहते. सल्ला दोन शब्दांत दिला जातो, जोडपं तो बाळंतपणापर्यंत ओढत नेतं, आणि मध्ये कारण संपलेलं असतं ते कुणी कळवत नाही.

पुढच्या तपासणीला एका चिठ्ठीवर लिहून न्या : 'संबंध ठेवायला हरकत आहे का? असेल तर कशामुळे? आणि कधीपर्यंत?' तोंडानं बोलायची लाज वाटत असेल तर चिठ्ठी केसपेपरला लावून पुढे सरकवा. रांग कितीही मोठी असो, या तीन ओळींना उत्तर द्यायला डॉक्टरला एक मिनिट लागतं. तुमच्या पत्नीलाही सोबत बसवा. उत्तर तिच्या कानांनी ऐकणं गरजेचं आहे.

आता मला जे जास्त टोचलं ते सांगते. आठव्या महिन्यातली बाई पोटमाळ्याची उभी शिडी रोज चढते-उतरते? रात्री लघवीला दोन-तीन वेळा उठावं लागत असेल तिला. या महिन्यांत पोटाच्या भारानं तोल पुढे जातो, सांधे सैल झालेले असतात, पायाखालची पायरी पोटामुळे दिसत नाही. पडून पोटाला मार बसला तर वार सुटू शकते. तुम्ही ज्याला घाबरलात त्या जवळिकीपेक्षा ही शिडी कितीतरी जास्त धोक्याची आहे. आजच तिचं अंथरूण खाली घ्या. आईंना सांगा की डॉक्टरांनी शिडी बंद केली आहे. हे पान दाखवा, माझं नाव पुढे करा. धाकट्या भावाला काही महिने गॅलरीत झोपायला सांगा, आणि आईंना माळ्यावर पाठवू नका, त्यांचेही गुडघे असतील.

मग एकांताचं काय, हा पुढचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण मला दिसतो. मी परळ-लालबागच्या बायकांची बाळंतपणं करत आले आहे, आणि दहा बाय बाराच्या खोलीत चार माणसं कशी राहतात हे मला कुणी सांगायला नको. आई दुपारी भजनाला किंवा मामांकडे जातात का? भाऊ कामावर असतो का? तुमची सुट्टी त्या दिवशी घ्या. यात चोरीसारखं काही नाही. आणि तोही एकांत मिळाला नाही तर निदान संध्याकाळी तिला घेऊन राणीच्या बागेत बाकावर बसा, तिचा हात धरून. रात्री तिचे पाय चेपून द्या, कमरेला तेल लावा. ते आईंसमोरही करता येतं. आठव्या महिन्यात पाय सुजतात, कंबर धरते, रात्री पोटऱ्यात गोळे येतात. नवऱ्याचा हात अशा वेळी औषध असतो.

डॉक्टरांनी होकार दिल्यावर संबंध ठेवायचे ते असे, की तिच्या पोटावर तुमचा भार येता कामा नये. तिला उताणं झोपवू नका. या महिन्यांत बाई सपाट पाठीवर पडली की गर्भाशयाचा भार पोटामागच्या मोठ्या रक्तवाहिनीवर पडतो, रक्तदाब खाली येतो, तिला गरगरतं, घाम फुटतो. तिनं डाव्या कुशीवर वळावं, पोटाखाली आणि गुडघ्यांमध्ये उशी घ्यावी, आणि तुम्ही तिच्या पाठीमागे असावं. बहुतेक जोडप्यांना हे सोयीचं जातं. किंवा ती वर असू दे, म्हणजे किती आणि कसं हे तिच्या हातात राहतं. तिला दुखलं तर तिथेच थांबायचं. कोरडेपणा वाटला तर मेडिकलमध्ये पाण्यावर आधारित जेल मिळतं. घरात खोबरेल असतं हे मला माहीत आहे, पण कंडोम वापरणार असाल तर खोबरेल नको, तेलानं रबर कमजोर होतं.

आणि तिच्या त्या वाक्याचं उत्तर आज रात्रीच द्या, सोनोग्राफी आणि डॉक्टर बाजूला ठेवून. तुम्ही तिला टाळत नव्हता, घाबरला होता, हे तिला तुमच्या तोंडून ऐकायचं आहे. मला लिहिलंत ते पत्रच तिला वाचायला दिलंत तरी चालेल.

प्रश्न : मला नववा लागून बरेच दिवस झाले, ३९ आठवडे पूर्ण होतील. शेजारच्या काकू म्हणतात, आता नवऱ्याला जवळ येऊ देऊ नकोस, बाळाच्या डोक्याला लागतं, टाळू दबते. नणंद म्हणते, उलट आता रोज संबंध ठेवा, कळा आपोआप सुरू होतात, माझं तसंच झालं. नवरा कुर्ल्याच्या वर्कशॉपमधून रात्री दमून येतो आणि मी त्याला 'कळांसाठी' म्हणून उठवते. आम्ही दोघंही कंटाळलो आहोत. खरं काय?
— सौ. म., भांडुप

उत्तर : काकूंची भीती आधी घालवूया. बाळ गर्भजलात, पाणमोटेच्या आत असतं. भोवती गर्भाशयाची जाड स्नायूंची भिंत. खाली पिशवीचं तोंड मिटलेलं, आणि त्या तोंडात घट्ट चिकट स्रावाचा बूच. नवऱ्याचं लिंग योनीत असतं, ते या बुचापर्यंतसुद्धा आत शिरत नाही. बाळाच्या डोक्याला, टाळूला काही होत नाही. वीर्यही बाळापर्यंत पोचत नाही. नंतर बाळ थोडा वेळ शांत राहिलं किंवा जास्त हललं तर तेही ठीक. तुमचे ठोके वाढतात, गर्भाशय थोडा वेळ आकसतो, त्याला ते प्रतिसाद देतं.

नणंदेच्या म्हणण्यात तथ्याचा एक धागा आहे. वीर्यात प्रोस्टाग्लँडिन नावाचे घटक असतात, आणि कळा आणण्यासाठी आम्ही योनीत जे औषध ठेवतो ते याच जातीचं. स्तनाग्रं चोळली, स्त्रीला सुखाचा कळस आला, की शरीरात ऑक्सिटोसिन सुटतं, आणि कळा वाढवायला सलाईनमधून देतो तेही ऑक्सिटोसिनच. त्यामुळे हे खरं असेल असं वाटणं साहजिक आहे. पण दिवस भरलेल्या बायकांवर जे नीट अभ्यास झाले, त्यांत संबंध ठेवणाऱ्यांच्या कळा लवकर सुरू होतात असं सिद्ध झालं नाही. ३९ व्या आठवड्यानंतर कळा तशाही कुठल्या तरी रात्री सुरू होणारच असतात. आदल्या रात्री जे केलं असेल त्याला श्रेय मिळतं. नणंदेचंही बहुधा असंच झालं.

म्हणून माझं सांगणं स्पष्ट आहे : नवऱ्याला 'कळांसाठी' उठवणं आजपासून बंद करा. तो दमलाय, तुम्ही दमलाय, दोघांना झोप हवी आहे. पुढच्या काही दिवसांत ती विकत घेऊनही मिळणार नाही. मनापासून वाटलं तर जवळ या, त्यानं अपाय नाही. ४० आठवड्यांच्या तारखेनंतर कळा कधी आणि कशा आणायच्या हे ठरवणं डॉक्टरांचं काम आहे, ते त्यांच्याशी बोला.

एक मात्र पक्कं लक्षात ठेवा. अंगावरून पाणी जायला लागलं, मग ते धारेनं असो की कपडा सतत ओला राहण्याइतकं, तर पाणमोट फुटली असं धरा. त्यानंतर संबंध अजिबात नाहीत, कारण जंतू आत जायला वाट मोकळी झालेली असते. कळा असोत नसोत, सरळ हॉस्पिटल. भांडुपहून जायला गाडी मिळत नसेल तर १०८ ला फोन करा. पाणी हिरवट किंवा लालसर असेल तर एक मिनिटही थांबू नका.

प्रश्न : आपले मासिक आमच्या घरी सर्व जण वाचतात. गरोदर स्त्रीला पूज्य मानण्याची आपली रीत आहे. असे प्रश्न छापून आपण काय साधता? — एक ज्येष्ठ वाचक, विलेपार्ले

उत्तर : आपली तळमळ मी समजू शकते, आणि आपल्या घरातल्या सुनेला मान मिळतो याचा आनंद आहे. पण मराठी मासिकानं अशा प्रश्नांना उत्तर देणं ही नवी गोष्ट नाही. याच मुंबईतून रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' सुरू केलं आणि वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना ते त्यात उत्तरं देत. त्या उत्तरांवरून त्यांच्यावर खटला झाला, तेव्हा १९३४ मध्ये त्यांच्या बाजूनं न्यायालयात उभे राहिले ते बॅरिस्टर बाबासाहेब आंबेडकर. एवढ्या मोठ्या माणसांनी हे काम केलं, ते लोकांना माहिती नसल्यामुळे त्रास होतो हे पाहून. वरची दोन पत्रं पुन्हा वाचावीत ही विनंती. ज्या घरात हे बोलता येत नाही त्या घरातली मुलगी शेजारच्या काकूंचं ऐकते.

प्रश्न : मी २३ वर्षांची आहे. मला सातवा संपत आलाय. मला अजिबात इच्छा होत नाही. छातीत जळजळ होते, दम लागतो, रात्रभर कूस बदलते. नवरा म्हणतो बायकोनं नाही म्हणायचं नसतं. मी नाही म्हटलं की तो दोन-दोन दिवस बोलत नाही. एकदा त्यानं जबरदस्ती केली, नंतर दिवसभर पोट दुखत होतं. माझी आई म्हणते सगळ्यांच्या घरी असंच असतं. मी डॉक्टरांना सांगू का?
— गोवंडी

उत्तर : हो, सांग. पुढच्या तपासणीची वाट पाहू नकोस, उद्याच जा. आणि तपासणीच्या वेळी नवऱ्याला बाहेर थांबायला सांग, किंवा सिस्टरला हळूच म्हण की मला एकटीला बोलायचंय. पोट दिवसभर दुखलं होतं, म्हणून बाळाचे ठोके, पिशवीचं तोंड, सगळं एकदा पाहून घ्यायला हवं. परत पोट दुखलं, अंगावरून रक्त किंवा पाणी गेलं, बाळाची हालचाल कमी वाटली, तर रात्र असली तरी त्याच वेळी हॉस्पिटल गाठ.

तुला इच्छा होत नाही यात तुझं काही चुकलेलं नाही. शेवटच्या तीन महिन्यांत खूप बायकांची इच्छा कमी होते. बाळ वर सरकून छाती दाबतं, जळजळ होते, झोप लागत नाही, शरीर आपलं राहत नाही. आणि अगदी यातलं काही नसतं, नुसतं मन नसतं, तरी 'नाही' म्हणायचा तुला पूर्ण हक्क आहे. गरोदर असताना आहे, नंतरही आहे. तुझ्या मनाविरुद्ध तुला हात लावणं ही मारहाणच आहे. २००५ च्या घरगुती हिंसाचार प्रतिबंधक कायद्यात लैंगिक छळ स्पष्ट शब्दांत आलेला आहे.

आईचं मन वाईट नाही, तिनं बहुधा हेच सोसलं म्हणून ती असं बोलते. पण तिचं या बाबतीत ऐकू नकोस. वांद्र्याच्या भाभा हॉस्पिटलमध्ये 'दिलासा' नावाचं केंद्र आहे. महापालिकेच्या आणखी काही रुग्णालयांतही ते आहे. तिथल्या ताई तुझं ऐकून घेतील, तुला विचारल्याशिवाय पोलीस किंवा सासर यांच्याकडे जाणार नाहीत. केसपेपर काढायला म्हणून गेलीस तरी घरात कुणाला संशय येणार नाही. १८१ हा महिलांसाठीचा फोन आहे, त्यावर कधीही बोलता येतं. तुझ्या मोबाईलमध्ये तो नंबर दुसऱ्या कुठल्या तरी नावानं ठेव. आणि जवळ राहणारी एक तरी बाई, शेजारीण, मैत्रीण, आशाताई, हिला आजच सांगून ठेव, की मी रात्री दार वाजवलं तर उघड.

हे वाचणाऱ्या नवऱ्यांपैकी कुणाला यात स्वतःचं घर दिसत असेल, तर त्यानं लालबागच्या वाचकाचं पत्र परत वाचावं. तीन महिने तो गॅलरीत झोपला आणि त्याला बायकोच्या रडण्याची काळजी आहे.

प्रश्न : माझं उलटंच आहे, आणि कुणाला सांगायची सोय नाही. मी ३४ वर्षांची, आठवा महिना, बाळ आयव्हीएफचं. मलाच इच्छा होते, पूर्वीपेक्षा जास्त. नवरा घाबरून दूर झोपतो, म्हणतो इतक्या कष्टानं मिळालेलं बाळ आहे, धोका नको. एकदाच जवळ आलो तेव्हा नंतर माझं पोट दगडासारखं कडक झालं, छातीतून पिवळसर चीक आला, आणि दुसऱ्या दिवशी कपड्यावर गुलाबी डाग दिसला. तेव्हापासून तो ऐकायलाच तयार नाही. मी विकृत आहे का?
— अंधेरी

उत्तर : अजिबात नाही. गरोदरपणात ओटीपोटाकडे आणि स्तनांकडे रक्तपुरवठा खूप वाढलेला असतो. काही जणींना त्याचा त्रास वाटतो, काही जणींची संवेदना वाढते आणि इच्छाही वाढते. आठव्या महिन्यात बाई ही आई होणार असते, आणि बायकोही असते. तुमच्या पत्रातली ही ओळ लिहायला किती धीर लागला असेल याची मला कल्पना आहे.

तुम्ही लिहिलेल्या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या पाहूया. पोट कडक होणं : सुखाच्या कळसानंतर गर्भाशय आकसतो, थोड्या वेळात सैल होतो. डाव्या कुशीवर पडून पाणी प्यायलं की जातं. मात्र ३७ आठवडे पूर्ण व्हायच्या आधी तासाभरात चार-सहा वेळा पोट कडक होऊ लागलं आणि विश्रांतीनंही थांबेना, तर त्या अकाली कळा असू शकतात, लगेच दाखवा. चीक : तो पहिल्या दुधाचा, घाबरण्याचं काहीच कारण नाही. गुलाबी डाग : पिशवीचं तोंड या काळात रक्तानं भरलेलं, नाजूक असतं, घासलं गेलं की थोडा डाग लागू शकतो. बहुधा तेच असेल. तरीही गरोदरपणातलं कुठलंही रक्त डॉक्टरांना कळवायचंच, हा माझा नियम आहे आणि त्याला अपवाद नाही. वार कुठे आहे हे त्यांना परत पाहू द्या. तुमचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शनची गरज आहे का, हेही ते ठरवतील. तोवर थांबा.

आयव्हीएफचं बाळ म्हणून नऊ महिने मनाई, असा नियम नाही. आधीचं सिझेरियन हेही एकटं कारण होत नाही. मनाईची खरी कारणं मोजकीच : वार तोंडावर असणं, रक्तस्राव, पाणी जाणं, अकाली कळा, पिशवीचं तोंड आखूड होणं किंवा त्याला टाका घातलेला असणं. जुळं असेल किंवा आधीचं बाळ दिवसांआधी झालं असेल तर डॉक्टरांना विचारून ठरवायचं. नवऱ्याला लघवीला जळजळ असेल, जननेंद्रियावर फोड किंवा जखम असेल तर आधी त्याचा इलाज. विशेषतः नागिणीच्या जातीतला जननेंद्रियाचा हर्पीस शेवटच्या महिन्यांत बाईला पहिल्यांदा झाला तर नवजात बाळाला फार धोका असतो. मुखमैथुन चालतं, पण योनीत हवा फुंकायची नाही. ती हवा रक्तात शिरून जीव गेल्याची उदाहरणं वैद्यकात नोंदलेली आहेत.

नवऱ्याला तुमच्या बोलण्यानं पटणार नाही, कारण त्याच्या डोळ्यांसमोर तो गुलाबी डाग आहे. त्याला तपासणीला आत घेऊन जा. सोनोग्राफीच्या पडद्यावर वार कुठे आणि पिशवीचं तोंड कुठे, हे डॉक्टरांना बोटानं दाखवायला सांगा. माझा अनुभव आहे की पुरुष ऐकून जेवढे निवळत नाहीत तेवढे बघून निवळतात. त्यानंतरही त्याचं मन तयार नसेल तर त्याच्यावर घाई करू नका. मिठीत झोपणं, एकमेकांना हातानं सुख देणं, हेही नवरा-बायकोचंच नातं आहे.

प्रश्न : पत्नी बाळंतपणाला रत्नागिरीला गेली आहे. सव्वा महिन्यानंतर तिला आणू का? पहिल्यानंतर लगेच दुसरं नको आहे. अंगावर पाजताना दिवस जात नाहीत असं ऐकलं, म्हणजे काही वापरायला नको ना?
— नायगाव

उत्तर : टाके भरायला, गर्भाशय पूर्ववत व्हायला सहा आठवडे लागतात, आणि सव्वा महिन्याची रीत त्याच्या जवळपास येते. पण कॅलेंडर बघून ठरवू नका. अंगावरून जाणं थांबलंय का, टाके दुखतात का, आणि तिला इच्छा आहे का, हे तिला विचारा. दूध पाजताना योनी कोरडी राहते, तेव्हा ते जेल इथेही लागेल. सिझेरियन झालं तरी हेच.

पाजण्यावर विसंबायचं तर तीन अटी एकाच वेळी हव्यात : बाळ सहा महिन्यांच्या आतलं, फक्त आईच्या दुधावर, दिवसा आणि रात्रीही, आणि पाळी परत आलेली नाही. यातली एक जरी तुटली तरी दिवस जाऊ शकतात, आणि पाळी दिसायच्या आधीही जाऊ शकतात. पाळीची वाट पाहत बसलेली कितीतरी जोडपी माझ्याकडे दुसऱ्या गरोदरपणाची चाचणी घेऊनच येतात.

कॉपर-टी बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत बसवता येते, सरकारी रुग्णालयात ती मोफत मिळते. पत्नी अजून बाळंत झाली नसेल तर आजच फोनवर दोघांनी ठरवा आणि तिथल्या डॉक्टरांना आधी सांगून ठेवा, कारण कळा सुरू झाल्यावर तिला हा निर्णय घ्यायला लावू नये. ते नको असेल तर सहा आठवड्यांच्या तपासणीला बसवता येईल. तोवर कंडोम. पाजणाऱ्या आईला पहिल्या सहा महिन्यांत नेहमीच्या गर्भनिरोधक गोळ्या देत नाहीत. तिला चालतील अशा वेगळ्या गोळ्या असतात, त्या डॉक्टरच लिहून देतील. आणि तिची मुंबईतली सोनोग्राफी आणि रक्ताचे रिपोर्ट तुमच्याकडेच राहिले असतील तर फोटो पाठवून भागवू नका. पुढच्या गाडीनं कुणाच्या तरी हाती मूळ फाईल रत्नागिरीला पोचती करा.